रात्रीची ड्यूटी संपवायची कशी? फौजेतून परतलेल्यांसाठी झोप आणि वाईट स्वप्नांच्या उपचारांची वाट

पेन्शनीवर येऊन चार वर्षं झाली होती, तरी रात्री दीड वाजता मी घराभोवती राउंड मारायचो. कडी बघायची, गोठ्यात बॅटरी मारायची, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कानोसा घ्यायचा, परत येऊन तीच कडी बघायची. कोणी विचारलंच तर सांगायचो, ॲसिडिटी आहे. १७ वर्षांच्या नोकरीत काश्मीर तीनदा झालं, पण तिकडचं काही घरी बोलायचं नाही असं मीच ठरवून टाकलं होतं.

मग एका सप्टेंबरात मी आणि पुतण्या सोयाबीनच्या जागलीला मचाणावर बसलो होतो. शेजारच्या धुऱ्यावर कोणीतरी रानडुकरं हाकायला पाइपातून कार्बाइडचा बार काढला. भानावर आलो तेव्हा मी मचाणाखाली तुरीच्या ओळीत पालथा पडलो होतो आणि पुतण्याचं मुंडकं हाताने जमिनीला दाबून धरलं होतं. पोरगं १४ वर्षांचं. "काका, डुक्कर होतं जी," एवढंच म्हणालं. त्यानंतर ॲसिडिटीचं नाव घ्यायची सोय राहिली नाही.

पुढचं सगळं त्या दिवसापासून मी ज्या क्रमाने शिकलो, जवळपास त्याच क्रमाने लिहितो आहे. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, पण वाशीम, यवतमाळ, वर्धा, कुठल्याही जिल्ह्यातल्या फौजी भावाला वाट साधारण हीच.

१. आधी दोन दुखणी वेगळी करा

झोप न लागणं किंवा तुटणं हे एक. वाईट स्वप्नांनी दचकून उठणं हे दुसरं. दोन्ही एकमेकांना पोसतात, कारण स्वप्नाच्या भीतीने माणूस झोपच टाळतो. पण उपचार दोन्हींचे निराळे आहेत आणि डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळी सांगावी लागतात. आठवड्यात तीन रात्री किंवा जास्त, तीन महिने किंवा जास्त असं चाललं असेल, तर ती जुनाट निद्रानाशाची तक्रार धरतात. "वयच झालं", "फौजेची सवय आहे" ही उत्तरं तिथे चालत नाहीत.

माझा मोठा गैरसमज असा होता की लढाईचा धक्का बरा झाला की झोप आपोआप येईल. तसं बऱ्याच जणांचं होत नाही. आघाताचे उपचार पूर्ण झाल्यावरही झोप बिघडलेलीच राहते, असं अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर काम करणाऱ्यांना वारंवार दिसलं आहे. म्हणून झोपेवर वेगळं काम करावं लागतं.

२. पिशवीत काय काय ठेवायचं

- ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, स्मार्ट कार्ड. ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, आणि पेन्शन घेणारा माजी सैनिक कार्ड काढू शकतो. कार्ड काढलंच नसेल तर आधी ते.
- पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स, प्रत्येकी तीन.
- माजी सैनिकाचं ओळखपत्र, आधार, दोन फोटो.
- सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. नावं पाठ करून सांगू नका, पाकीटच दाखवा.
- नोकरीतले दवाखान्याचे कागद असतील तर तेही. स्फोटात डोक्याला मार बसला असेल तर त्याचे कागद नक्की.
- एक १०० पानी वही. कशाला, ते पाचव्या पायरीत.

कागदात काही अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे बाबू तुमच्यासारखाच फौजी निघण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे अर्धी लाज तिथेच गळते.

पहिला खड्डा इथेच आहे: "मानसिक आजाराची नोंद झाली तर पेन्शन बंद होईल." ही पारावरची बातमी आहे. इलाज घेतल्याने सुरू असलेली पेन्शन बंद होत नाही. मी या एका भीतीपायी दोन वर्षं घालवली.

३. कुठे जायचं

कार्ड असेल तर जवळच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला. तिथे मनोविकारतज्ज्ञ बसेलच असं नाही. वैद्यकीय अधिकारी तपासून पुढे रेफर करतात. रेफरलशिवाय परस्पर मोठ्या दवाखान्यात गेलात तर बिल खिशातून जाऊ शकतं. रेफरलच्या कागदावरची तारीख तिथेच वाचून घ्या. मी तो कागद कपाटात ठेवून कापूस वेचणी उरकली, आणि पुन्हा पहिल्यापासून रांगेत लागलो.

कार्ड नसेल, किंवा पेन्शन मिळण्याआधीच नोकरी सुटली असेल, तर जिल्हा सामान्य रुग्णालयातला मनोविकार विभाग गाठा. त्यापुढे अकोला किंवा यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरला मेडिकल कॉलेज किंवा मिहानमधलं एम्स. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चारांपैकी एक आहे. "पागलखाना" म्हणून लोक नाव घेतात, पण बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठी काढून, दाखवून, संध्याकाळच्या एसटीने घरी परतणारे तिथे रोज असतात.

घराबाहेर पडायची हिंमत होत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. सैनिकांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात टेली-मानसचा वेगळा कक्षही डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. रात्री अडीचला, सगळं गाव झोपलेलं असताना, मी पहिला फोन गोठ्यात उभं राहून केला होता. पलीकडच्या बाईंनी आधी मला बसायला सांगितलं.

जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका. हाच नंबर लावा आणि घरातल्या एकाला उठवा. आपल्याकडे फवारणीचं औषध घरातच, धान्याच्या कोठीशेजारी पडलेलं असतं. ते कुलपात घालून किल्ली दुसऱ्याकडे द्या. लायसनची बंदूक असेल तर ती काही दिवस घराबाहेर राहू द्या, कायदेशीर जमा करायची सोय पोलीस ठाण्यात विचारा.

४. डॉक्टरांसमोर उपचाराचं नाव घ्या

"झोप येत नाही" म्हटलं की गर्दीच्या ओपीडीत चिठ्ठीवर गोळी येते. तालुक्याच्या एका दवाखान्यातून मला अल्प्राझोलाम मिळाली. १५ दिवसांसाठी म्हणून सुरू झालेली गोळी तीन वर्षं चालली. त्या डॉक्टरांवर राग नाही, बाहेर ६० माणसं उभी होती. पण आघातानंतरच्या त्रासात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या देऊच नयेत, असं अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. मात्र हे वाचून आज रात्री गोळी फेकून देऊ नका. एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. डॉक्टर थोडी थोडी कमी करून देतात. माझी सुटायला चार महिने लागले.

म्हणून नाव घेऊन विचारा: "साहेब, निद्रानाशासाठीची सीबीटी इथे कोण करतं? आणि स्वप्नांसाठी इमेजरी रिहर्सल?" पहिलीला सीबीटी-आय म्हणतात. बोलून, वही लिहून आणि झोपेची सवय नव्याने बसवून करायचा हा उपचार आहे, साधारण सहा ते आठ बैठकांचा. जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हाच द्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं. तो करणारा माणूस बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतो. त्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारायला लाजू नका. समुपदेशनाच्या पाट्या हल्ली मोबाइल रिचार्जच्या दुकानाशेजारीही लागतात.

घोरत असाल आणि मध्येच श्वास अडकतो असं घरची म्हणत असेल, तर तेही इथेच सांगा. झोपेत श्वास थांबण्याचा आजार आघात झालेल्या फौजींमध्ये बराच आढळतो, आणि त्याची तपासणी व मशीन वेगळी असते. तो तसाच राहिला तर पुढची सगळी मेहनत अर्धी वाया जाते.

५. पंधरा दिवस वही

रोज सकाळी, अंदाजाने, घड्याळ न बघता लिहायचं: बाजेवर कधी पडलो, झोप कधी लागली असावी, किती वेळा उठलो, शेवटी कधी उठलो, चहा किती, दारू किती, स्वप्न पडलं का. मी वही विसरायचो, म्हणून बायकोने कृषी केंद्रातून मिळालेल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात लिहायला सुरुवात केली. महिनाभराने ते कॅलेंडर गुंडाळी करून सायकॉलॉजिस्टकडे नेलं. त्यावर ४ तारखेला दुधाचा हिशेबही होता.

त्यातून निघालं ते असं: रात्री ९ ते पहाटे साडेपाच, म्हणजे साडेआठ तास मी बाजेवर, आणि खरी झोप सव्वाचार तास. निम्मा वेळ मी बाजेवर संतरीची (पहाऱ्याची) ड्यूटी करत होतो.

६. बाज फक्त झोपेसाठी

हा सगळ्यात कठीण भाग. वाचायला सोपा वाटतो, म्हणूनच लोक दुसऱ्या आठवड्यात सोडतात.

झोपेचा वेळ मुद्दाम आवळायचा. वहीत जेवढी झोप निघाली तेवढाच वेळ बाजेवर, पण पाच तासांच्या खाली नाही. मला १२ ते ५ मिळाले. पहाटे ५ला उठायचं म्हणजे उठायचंच, रात्र कशीही गेलेली असो. पाच तासांतले ८५ टक्के झोपेत जायला लागले की १५ मिनिटं वाढवायची, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायचं. यातली गंमत अशी की झोपेची भूक साठत जाते, आणि मग ती पाठ टेकताच येते. जुन्या पोस्टवर दोन तास ड्यूटी, चार तास आराम होता तेव्हा आपण दगडावर कसे झोपायचो, आठवा.

पण आपल्या गावात साडेनऊला दिवे मालवतात. १२ वाजेपर्यंत जागायचं कसं? टीव्ही नाही, मोबाइल नाही. मी भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुरून उरतील एवढे दाणे निघाले. तुरी निवडल्या, बैलांसाठी नवे कासरे वळले. आई म्हणायची, "हा इलाज हाये का मजुरी?"

पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी बसायचं, डोळे जड झाले की परत. उन्हाळ्यात अंगणात झोपत असाल तर उठताना आधी बॅटरी, मग पाय. हे सायकॉलॉजिस्ट सांगणार नाही, पण विंचू-साप आपल्याकडे आहेत. बाजेवर बिडी, मोबाइल, हिशेब, भांडण, काही नाही. शेवटचा चहा दुपारी ३ला, कारण त्यातलं अर्धं कॅफिन पाच-एक तासांनीही अंगात असतं.

दुपारची झोप हा आपल्याकडचा खास प्रश्न. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ला टेकतो, १२ ते ४ गाव बंद, सगळे आडवे. मला सूट मिळाली ती अर्ध्या तासाची, तीही २च्या आत, गजर लावून.

राउंडचं काय केलं? एकदम बंद करायला मला सांगितलं नाही. एकच राउंड, बाजेवर जायच्या आधी, आणि कडी एकदाच. दुसऱ्यांदा जावंसं वाटलं की पाच मिनिटं बसून राहायचं आणि काय होतं ते बघायचं. काही होत नाही. पहिल्या आठवड्यात हे मला शेंगा फोडण्यापेक्षा जड गेलं.

इथले खड्डे: पहिले दोन-तीन आठवडे दिवसा पेंग येते. त्या काळात ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबा कुट्टी, रात्रीची मोटरसायकल यांपासून लांब राहा. म्हणून सुगीत सुरुवात करू नका. फिट येत असतील, किंवा कधी फार चढल्यासारखं, झोपेविना दिवस दिवस उत्साहात राहण्याचा आजार झाला असेल, तर वेळ आवळणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि कृषीपंपाची लाइन रात्रीची असेल तर ओलिताची पाळी दोन महिने भावाच्या गळ्यात घाला. मी बदल्यात त्याची दिवसाची निंदणी-डवरणी अंगावर घेतली.

७. स्वप्न दिवसा बदलायचं

इमेजरी रिहर्सल ऐकलं तेव्हा मला हसू आलं. स्वप्न कागदावर लिहायचं, त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा, आणि बदललेलं स्वप्न रोज दिवसा, जागेपणी, १० ते २० मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं. जुनं स्वप्न घोकायचं नाही, फक्त नवं. घडलेला प्रसंग पुन्हा सविस्तर सांगावा लागेल म्हणून जे फौजी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांच्यासाठी ही बाजू सोयीची आहे.

सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नाने करू नका. मधलं एखादं घ्या. माझं मधलं असं: बर्फाचा नाला, पुढे जोडीदार चालतोय, मला काहीतरी दिसलंय, मी ओरडतो पण घशातून आवाज निघत नाही. मी बदल केला तो एवढाच की आवाज निघतो. तो मागे वळतो आणि म्हणतो, "काय बे?" मग नाला आमच्या गावचा होतो, पोळ्याच्या आदल्या दिवसाचा, आम्ही दोघं बैल धुतोय आणि संध्याकाळी खांदमळणीला त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी लागणार आहे. तो साताऱ्याकडचा, पोळ्याला आमच्या गावात असायचं त्याला कारण नाही. सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या, चालतं, स्वप्नाला पुरावा लागत नाही.

रोज दुपारी निंबाखाली बसून हे करायचो. तिसऱ्या आठवड्यात जुनं स्वप्न पडलं, आणि त्यात माझा आवाज निघाला. बैल वगैरे आले नाहीत. तरी उठल्यावर मला घाम नव्हता.

आता खरं तेही सांगतो. बॅरी क्रॅको या अमेरिकी डॉक्टरांचा या उपचाराचा गाजलेला अभ्यास २००१चा, तो लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर होता आणि त्यांना चांगला गुण आला. पण व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांवर २०१०मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ही पद्धत साध्या झोप-प्रशिक्षणापेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे फौजींना हमी नाही. काहींना गुण येतो, काहींना कमी येतो, आणि सीबीटी-आय जोडीला असेल तर पदरात जास्त पडतं असा माझा अनुभव. दोन-तीन आठवड्यांत स्वप्नं वाढली किंवा दिवसाही तेच दिसायला लागलं, तर थांबा आणि सांगा.

स्वप्नांसाठी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषधही काही डॉक्टर देतात. ३०४ माजी सैनिकांवर झालेल्या, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा वरचढ ठरलं नाही, तरी काही जणांना ते लागू पडतं म्हणून वापरात आहे. डॉक्टरांनी दिलंच तर पहिल्या दिवसांत रात्री झटकन उठून उभं राहू नका. रक्तदाब उतरून माणूस पडतो.

८. रमच्या क्वार्टरबद्दल दोन शब्द

कॅन्टीनची रम झोप आणते हे खोटं नाही. पहिल्या प्रहरात आणते. उतरायला लागली की पहाटेच्या प्रहरात झोप तुकडे तुकडे होते आणि दबलेली स्वप्नं दुप्पट जोराने येतात. माझ्या कॅलेंडरवर हे चौकोनाचौकोनांत दिसत होतं. पण रोजची, बरीच असेल तर तीही एकदम सोडू नका. हात थरथरणं, घाम, भास सुरू झाले तर ते दवाखान्याचं काम आहे.

९. हा भाग घरच्यांना वाचून दाखवा

स्वप्नात ओरडणाऱ्या फौजीला हलवून उठवायचं नाही. जवळ वाकायचं नाही. माझ्या हाताचा फटका बायकोच्या गालफडावर बसला आहे, आणि ती गोष्ट मी तिच्या परवानगीने लिहितो आहे. आमच्या घरचा नियम: बाजेच्या पायथ्याशी, हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर उभं राहायचं, दिवा लावायचा आणि नाव घेऊन, गावाचं नाव सांगून बोलायचं. ती म्हणते, "घरीच हाये तुमी. मी हाये इथं. पाणी ठिवलं हाये." दोन-तीनदा, साध्या आवाजात. काय दिसलं ते तेव्हा विचारायचं नाही.

आईने मला बाहेरची बाधा म्हणून शेजारच्या गावच्या देवऋषीकडे नेलं होतं. गेलो. लिंबू उतरवून घेतलं, नारळ दिला. आईला त्या रात्री तरी झोप लागली. तुमच्या घरीही हे होईल. भांडू नका, फक्त त्यापायी दवाखान्याची तारीख चुकवू नका आणि कोणी मारझोड, धुरी, उपास सांगितला तर तिथून उठा.

१०. परत बिघडतं, तेव्हा

बिघडणारच. माझं दिवाळीच्या सुतळी बॉम्बने बिघडतं, २६ जानेवारीच्या आसपास बिघडतं आणि सोयाबीन भरायला लागलं की डुकरांच्या बारांनी बिघडतं. आता मी ऑगस्ट संपताना शेजाऱ्यांना आधीच सांगतो की बार काढायच्या आधी एक शिट्टी मारा. चार जणांपैकी तीन मारतात. चौथ्याच्या धुऱ्याकडच्या बाजूला जागलीला मी जात नाही.

एक-दोन रात्री गेल्या म्हणून काही करायचं नाही, दुपारी जास्त झोपून भरपाई तर मुळीच नाही. सलग आठवडा गेला तर कॅलेंडर परत भिंतीवर लावायचं, वेळ पुन्हा आवळायचा, स्वप्नाचा कागद काढायचा. तीन आठवड्यांत बसलं नाही तर रेफरल. सध्या माझी वेळ पावणेअकरा ते ५ आहे. गेल्या महिन्यात कॅलेंडरवर स्वप्नाच्या दोन खुणा आहेत, आणि त्यातल्या एकीपुढे बायकोने प्रश्नचिन्ह केलं आहे, कारण त्या रात्री मी ओरडलो तो बैल सुटला म्हणून.